काडाचे ऋण आणि मातीची परतफेड

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरून खाली आले, की कन्हान आणि जाम या नद्यांच्या आसमंतात काळ्या मातीचा मुलूख लागतो. इंग्रजी अंमलातील जुने ग्रंथ छिंदवाडा जिल्ह्याचे दोन भाग करीत: घाटावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो जेरघाट. सौंसर आणि पांढुर्णा ही जेरघाटातील गावे. येथील बोली मराठी आणि शेतीची रीत नागपूर-वऱ्हाडची. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले, तेव्हा हा मुलूख इंग्रजांकडे गेला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत शेजारचा नागपूर जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि हा भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्ये बदलली, दप्तरे बदलली. परंतु या मातीतून दरसाल काय निघून जाते आणि तिला परत काय मिळते, हा हिशेब मात्र कोणत्याही सातबाऱ्यावर लिहिला गेला नाही. तो हिशेब मुख्यतः नत्राचा आहे.

पीक घरी आल्यानंतर शेतात जे उरते त्याला येथे नाना नावे आहेत. कापूस वेचून झाला की उभी राहते ती पऱ्हाटी, ज्वारी कापल्यावर उरते ते धसकट, तुरीच्या झोडपणीनंतरच्या त्या तुराट्या, मळणीनंतरचे ते कुटार आणि गव्हाचा तो गव्हांडा. जुन्या काळी यांतील काहीच वाया जात नसे, असे सहज म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. कडबा व कुटार गवळाऊ बैलांच्या गव्हाणीत जाई. पऱ्हाट्या आणि तुराट्या चुलीत जात किंवा कुडाच्या भिंतीला लागत. धसकटे वखराने उपटून, वेचून, धुऱ्यावर पेटविली जात. उरले शेण, त्याचाही मोठा वाटा गोवऱ्या होऊन जळत असे. घरच्या दृष्टीने ही काटकसर होती. मातीच्या दृष्टीने तो नित्याचा खर्च होता; कारण काड वा शेण जळले की राखेत पालाश आणि स्फुरद राहतात, पण नत्र जवळजवळ सगळे हवेत निघून जाते.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला एकाएकी भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि या टापूत कापसाची लागवड वाढत गेली. कापसाने जमिनीचा कस ओढून नेला, अशी तक्रार तेव्हापासून ऐकू येते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कापसाच्या तंतूत नत्र जवळजवळ नसतेच; नत्र असते ते सरकीत. गठाणी मँचेस्टरला गेल्या तरी त्यांच्याबरोबर शेतातील नत्र फारसे गेले नाही. सरकी अथवा तिची ढेप बैलांना मिळाली, तर ते शेणामुतातून परत येऊ शकत होते. गळती होती ती गव्हाण आणि शेत यांच्या दरम्यान, म्हणजे चुलीपाशी. सरकारने विलायतेहून बोलाविलेले कृषिरसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होएलकर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात हेच सांगितले होते. शेतकरी शेण जाळतो तो अज्ञानाने नव्हे, तर जळणासाठी दुसरे लाकूड नाही म्हणून, असे त्यांचे निदान होते. म्हणून जळणासाठी झाडे लावावीत, अशी शिफारस त्यांनी केली होती.

पण चूल सोडून सगळे काड शेतातच ठेवले असते तर माती लगेच सुपीक झाली असती काय? या प्रश्नाचे उत्तर मात्र वाटते तितके सरळ नाही.

काड कुजविणारे मातीतील सूक्ष्म जंतू हेही सजीवच आहेत. त्यांना अन्न म्हणून कर्ब लागतो आणि देह बांधण्यासाठी नत्र लागते. त्यांच्या देहात कर्बाच्या सुमारे आठ भागांमागे नत्राचा एक भाग असतो. गव्हाच्या काडात मात्र कर्बाच्या ऐंशी भागांमागे नत्राचा जेमतेम एक भाग सापडतो. एक टन काड घेतले तर त्यात कर्ब सुमारे ४०० किलो आणि नत्र अवघे ५ किलो. जंतू हा कर्ब खातात, त्यातील दोन तृतीयांश श्वासावाटे हवेत सोडतात आणि एक तृतीयांश देहात साठवितात. तेवढा देह उभारण्यास सुमारे १६ किलो नत्र लागते. काडातून ५ किलो मिळाले. उरलेले ११ किलो ते मातीतून उचलतात, आणि जे नत्र पिकाच्या मुळांनी घ्यायचे तेच उचलतात. आपल्या काळ्या जमिनीत एकूण नत्र शेकडा ०.०५ धरले, तर हेक्टरभर जमिनीच्या वरच्या सहा इंचांच्या थरात ते सुमारे हजार किलो भरते. पण वर्षाकाठी त्यातील वीस-तीस किलोच पिकाला घेता येईल अशा रूपात येते. म्हणजे हेक्टरी दोन टन काड गाडले, तर पिकाच्या वर्षभराच्या शिधोरीपैकी बहुतेक जंतूंच्या ताब्यात जाऊ शकते.

तथापि ही चोरी नव्हे, हे ऋण आहे. काड संपले की जंतू उपासमारीने मरतात आणि त्यांच्या देहातील नत्र हळूहळू मोकळे होऊन मातीला परत मिळते. काही भाग ह्यूमसमध्ये दीर्घकाळ शिल्लक राहतो. प्रश्न उरतो तो मुदतीचा. जेरघाटात मार्च ते मे या महिन्यांत माती कोरडी ठणठणीत असते. ओल नसल्याने काड कुजत नाही. मृगाचा पाऊस पडतो, जंतू जागे होतात आणि नेमकी त्याच वेळी पेरणी होते. कर्ज काढण्याची वेळ आणि रोपाच्या भुकेची वेळ एकच येते. रोप पिवळे पडते. शेतकरी ते डोळ्यांनी पाहतो आणि काडाने पीक बिघडविले, असा निष्कर्ष काढतो. पुढच्या वर्षी तो काडी ओढतो. त्याचे निरीक्षण खरे असते. फक्त परतफेडीचा दिवस पाहण्याइतकी सवड त्याला मिळालेली नसते.

तूर या नियमाला अपवाद ठरली. तिच्या मुळांवरील गाठींत राहणारे जंतू हवेतील नत्र बांधून घेतात, हे जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८८ मध्ये सिद्ध केले. कापसात आणि ज्वारीत तुरीची तासे पेरण्याची येथील चाल त्याहून पुष्कळ जुनी आहे. तुरीची पाने नत्राने भरलेली असल्याने ती गळून मातीत मिसळली की फारसे कर्ज न काढता कुजतात.

राहिला प्रश्न पऱ्हाटीसारख्या टणक काडाचा. त्याचे उत्तर काळ्या मातीच्याच मुलखातून, होळकरांच्या इंदुरातून आले. १९२४ ते १९३१ या काळात तेथील वनस्पती-उद्योग संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड हे काम करीत होते. पऱ्हाट्या आणि तुराट्या ते शेतरस्त्यांवर अंथरीत. गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होई. तो चुरा गुरांखाली पसरला जाई आणि मुताने भिजे. मग शेण, मूत्रमाती आणि राख यांच्यासह त्याचे थर रचून ओल आणि हवा राखीत, खालीवर करीत, तीन महिन्यांत खत तयार होई. आरंभी कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण तेहतिसास एक असे साधले जाई. १९३१ मध्ये दोघांनी मिळून ही कृती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती जगभर गेली. तिचे मर्म एका वाक्यात सांगता येईल: कुजण्याचे काम आणि पीक वाढण्याचे काम एकाच शेतात एकाच वेळी करू नये. ऋण ढिगात काढावे, तेथेच फेडावे आणि शेतात न्यावी ती केवळ शिल्लक.

पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ही वाट अधिक सोपी केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून प्रसिद्ध झालेले टाके दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असते आणि त्याच्या विटांच्या भिंतींना हवेसाठी भोके ठेवलेली असतात. त्यात सुमारे दीड हजार किलो काडीकचरा आणि त्याहून थोडी अधिक माती लागते. शेण मात्र शंभर किलोच पुरते. जनावरे कमी असलेल्या घरालाही ते परवडावे, हाच त्यामागील हेतू होता.

परंतु दरम्यान काळ पालटला होता. १९५१ मध्ये सिंद्रीचा कारखाना सुरू झाला आणि पुढे युरियाचे पोते गावोगाव पोहोचले. हवेतील नत्र आता पोत्यात मिळू लागल्याने काडातील नत्राची किंमत वाटेनाशी झाली. ट्रॅक्टर आला, बैल घटले. गॅसची शेगडी आली, चूल मागे पडली. ज्या पऱ्हाटीसाठी पूर्वी चूल वाट पाहत असे, तिला आता कोणी वाली उरला नाही. शिवाय तिच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. २०१७ च्या हंगामात विदर्भाने तिचा तडाखा सोसला आहे. म्हणून पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवणेही घातक. मग सर्वांत स्वस्त उपाय म्हणून ती पेटविली जाते. पूर्वी जळणाऱ्या पऱ्हाटीवर निदान भाकरी भाजली जाई. आता जळते ती कशाच्याही उपयोगाविना.

युरियाने पिकाची तातडीची भूक भागते, हे नाकारता येणार नाही. किंबहुना काड गाडताना थोडा युरिया टाकला, तर जंतूंचे कर्ज रोपाच्या ताटातून न जाता पोत्यातून जाते. १९२१ मध्ये इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे हचिन्सन आणि रिचर्ड्स यांनी काडापासून कृत्रिम शेणखत बनविले ते नत्राची अशीच जोड देऊन. पण ह्यूमस पोत्यातून मिळत नाही. नत्र धरून ठेवणारी, पावसाचे पाणी मुरविणारी मातीची ती पुंजी काडातूनच घडते आणि ती घडावयास वर्षे लागतात.

पऱ्हाटीचा बारीक चुरा करून तिचा ढीग लावावा. धसकटे आणि कुटार शेतात मिसळायचे तर ओल असतानाच, पुढील पेरणीच्या पुष्कळ आधी मिसळावे. तुरीची तासे मोडू नयेत. यांतील एकही गोष्ट जेरघाटाला अपरिचित नाही. सावकाराच्या वहीतील कर्ज फेडता फेडता येथल्या पिढ्या थकल्या. मातीची वही मात्र वेगळी आहे. तिचे कर्ज वेळेवर काढले, तर ती मुद्दल परत करते आणि वर वाढावाही देते. फक्त ती वही आगीत टाकता कामा नये.