सरासरीत कोण मोजले गेले?

कर्ज मागायला गेले की सिबिलचा आकडा विचारतात, हे आता आपल्याला नवे नाही. अमेरिकेत बिल फेअर व अर्ल आयझॅक यांनी १९५६ मध्येच अशा पतगुणांसाठी कंपनी काढली. मागची परतफेड पाहून पुढे हप्ते थकण्याची शक्यता आकड्यात मांडायची, ही त्यांची कल्पना. कर्ज मिळेल का आणि व्याज किती, हे पुढे त्यावरच ठरू लागले.

या आकड्यात वंश कुठेच नसतो. समान पतसंधीचा कायदा १९७४ चा. १९७६ च्या दुरुस्तीने वंशावरून भेदभावालाही त्यात बंदी आली. घरकर्ज सोडले तर अर्जदाराचा वंश विचारायचीही बँकांना सहसा मुभा नव्हती. हेतू चांगलाच, पण भेदभाव होतो का हे तपासायचे, तर कोण कुठल्या गटातला हे कळायला नको का?

२००३ च्या कायद्याने अमेरिकी काँग्रेसने हे काम फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेवर सोपवले. २००७ मध्ये अहवाल आला. बँकेने सुमारे ३ लाख पतनोंदींचा नमुना घेऊन तो सामाजिक सुरक्षा खात्याच्या नोंदींशी जुळवला, कारण त्या खात्याच्या अर्जात वंशाचा रकाना असे. इथे एक पंचाईत होती. १९८० पर्यंतच्या अर्जांत गोरे, काळे आणि इतर असे तीनच पर्याय! हिस्पॅनिक माणसाने खूण करायची कुठे? अशा अर्जदारांचे गट संख्याशास्त्राच्या आधारे अंदाजानेच ठरवावे लागले.

मग गुणांचे ० ते १०० या पट्टीवर रूपांतर केले. ७० म्हणजे शंभरातले सत्तर जण मागे. गोऱ्यांची सरासरी ५४ आली, कृष्णवर्णीयांची सुमारे २६. उत्पन्न, वय, वस्ती यांचा हिशेब धरल्यावर अंतर घटले, पण मिटले नाही. वर्गात हे सांगताना फळ्यावर एकमेकींत शिरलेल्या दोन टेकड्या जरूर काढाव्यात. नाहीतर २६ हा आकडा प्रत्येक कृष्णवर्णीयाच्या कपाळी चिकटतो, आणि आम्हाला भीती त्याचीच वाटते.

पण ज्यांना गुणच नाहीत, ते या सरासरीत कसे येणार? ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणाचे काम पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने २०१५ मध्ये हिशेब मांडला: २ कोटी ६० लाख प्रौढांची पतनोंदच नाही. कृष्णवर्णीय व हिस्पॅनिकांत हे प्रमाण सुमारे १५ टक्के, गोऱ्यांत ९. आयुष्यभर वेळेवर घरभाडे भरणारी, पण कधीच कर्ज न काढलेली आजी यांतच मोडते.