७ नोव्हेंबर १९३८ : आपल्या कॅलेंडरवर नसलेली तारीख

आपल्या घराघरांत काही तारखा कॅलेंडर न बघता आठवतात. १ जानेवारी, २० मार्च, १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर. ७ नोव्हेंबर म्हटलं की शाळेत जाणारी पोरंही पटकन सांगतात, "विद्यार्थी दिवस!" बरोबरच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी परमपूज्य बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं आणि २०१७ सालापासून महाराष्ट्र शासन तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. परंतु त्याच तारखेला, बरोबर ३८ वर्षांनी, याच मुंबईत गिरणी कामगारांनी एक दिवसाचा संप केला आणि त्या संपाच्या पुढाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, हे किती जणांना माहीत आहे? शाळेच्या पुस्तकात ते नाही. आपल्या जयंतीच्या भाषणांतही ते क्वचितच ऐकू येतं. म्हणून विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत आम्ही त्याच संपावर लिहायचं ठरवलं.

ऐकीव गोष्ट आणि कालामांचा प्रश्न

तथागत एकदा केसपुत्त नावाच्या गावी आले असता तिथल्या कालाम लोकांनी त्यांना विचारलं, की इथे येणारा प्रत्येक आचार्य स्वतःचं खरं आणि दुसऱ्याचं खोटं म्हणतो, मग आम्ही कोणाचं मानावं? भगवंतांनी सांगितलं की परंपरेने आलं, ग्रंथात आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही मानू नका. तुम्ही स्वतः तपासा, त्यातून अकुशल काय निपजतं आणि कुशल काय निपजतं ते पाहा आणि मग ठरवा. हा उपदेश आपण विहारात अनेक वेळा ऐकतो. पण तो फक्त देव, नवस आणि अंगारे-धुपारे यांच्यापुरताच आहे असं समजून मोकळे होतो. इतिहासही आपल्याकडे ऐकीवच येतो. तो कोणी सांगितला, काय सांगितलं आणि काय गाळलं, हे तपासणं हासुद्धा धम्माचाच भाग आहे, असं आम्ही मानतो.

आपल्याच लोकांचं सरकार

१९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबई इलाख्यात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, बाळ गंगाधर खेर मुख्यमंत्री झाले. त्या काळी त्या पदाला पंतप्रधान म्हणत. आदल्याच वर्षी, म्हणजे १९३६ च्या ऑगस्टमध्ये, बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. तो पक्ष विधानसभेत विरोधी बाकांवर बसला. गोऱ्या साहेबाच्या जागी आपली माणसं खुर्चीवर बसली म्हणून लोकांना आनंद होता, आणि तो खोटा नव्हता.

या लोकांच्या सरकारने सप्टेंबर १९३८ मध्ये औद्योगिक तंट्यांचं विधेयक आणलं. वरून ते गोड दिसत होतं. मालक-मजुरांचं भांडण सामोपचाराने मिटावं, असं सांगितलं गेलं. आत काय होतं? तंटा आधी तडजोडीच्या प्रक्रियेत गेला पाहिजे, ती प्रक्रिया पुरी होईपर्यंत संप बेकायदा, आणि बेकायदा संप करणाऱ्याला शिक्षा. शिवाय मालकाने मान्यता दिलेल्या संघटनेला नोंदणी सोपी आणि स्वतःच्या बळावर उभ्या राहणाऱ्या संघटनेला अवघड.

इथे एक जुनी गोष्ट सांगणं जरूर आहे. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या असेंब्लीत बाँब टाकला, हे प्रत्येक मुलाला शिकवतात. पण त्या दिवशी तिथे काय चाललं होतं? संपावर बंधनं घालणारं इंग्रजांचं ट्रेड डिस्प्यूट्स बिल मंजूर झालं होतं. त्या बिलाला तेव्हा काँग्रेसच्या सभासदांनी विरोध केला होता. नऊ वर्षांनी त्याच पक्षाच्या हाती सत्ता आली आणि त्याहून कडक कायदा आला. पुस्तकात बाँब राहिला आणि बिल गळालं. बिल राहिलं असतं तर मुलांनी १९३८ चंही विचारलं असतं.

बाबासाहेबांचा युक्तिवाद

१५ सप्टेंबर १९३८ रोजी बाबासाहेब या विधेयकावर विधानसभेत बोलले. ते भाषण आज छापील मिळतं. ज्याला जमेल त्याने जरूर वाचावं. त्याचा गाभा आमच्या शब्दांत असा :

मजुराने काम थांबवलं तर फार तर करार मोडला असं होईल. करार मोडला तर दिवाणी दावा करता येतो, त्याला गुन्हा म्हणून तुरुंग दाखवता येत नाही. कारण माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणं याचंच नाव गुलामगिरी. म्हणून संपाचा हक्क हा माणसाच्या स्वातंत्र्याचाच दुसरा शब्द आहे. स्वातंत्र्य पवित्र मानता, तर संपाचा हक्कही तितकाच मानला पाहिजे. या कायद्याला त्यांनी मजुरांचं नागरी स्वातंत्र्य तहकूब करणारा कायदा असंच नाव द्यायला सांगितलं. ज्या लोकशाहीत शिक्षण नसलेल्या, साधनं नसलेल्या मजुराला गुलाम केलं जातं, ती लोकशाहीची थट्टा आहे, असंही ते म्हणाले.

आपल्या वाडवडिलांना हा युक्तिवाद समजावून सांगायची गरज नव्हती. गावात महारकीचं काम होतं. रात्री-अपरात्री बोलावणं आलं की जायचं, सांगितलं ते करायचं, नाही म्हणायची सोय नाही. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं होतं. नाही म्हणता येत नाही तो माणूस बांधलेला असतो. मग बांधणारा पाटील असो, मालक असो की लोकांचं सरकार असो.

संपाचा दिवस

विधेयक बहुमताने पुढे गेलं. तेव्हा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांच्या कामगार संघटना एकत्र आल्या आणि ७ नोव्हेंबर १९३८ हा संपाचा दिवस ठरला. परळ-लालबागच्या वस्त्यांतून प्रचार झाला, समता सैनिक दलाचे स्वयंसेवक राबले. त्या दिवशी गिरण्या मोठ्या प्रमाणावर बंद राहिल्या. दगडफेक झाली, लाठीमार झाला, पोलिसांनी गोळीबारही केला. संध्याकाळी कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली आणि तिथे बाबासाहेब आणि कॉम्रेड डांगे एका व्यासपीठावर होते. कायदा मात्र रद्द झाला नाही.

दोन्हीकडून अर्धा इतिहास

काँग्रेसच्या इतिहासात १९३७ ते ३९ चं मंत्रिमंडळ म्हणजे दारूबंदी, शेतकऱ्यांना सवलती, लोकराज्याची पहिली पायरी. त्यात हा गोळीबार बसत नाही. तर काही डाव्या मंडळींच्या सांगण्यात बाबासाहेब हे फक्त अस्पृश्यांचे पुढारी आणि संप फोडणारे. त्यासाठी १९२९ चा दाखला देतात. १९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण त्यामागचं कारणही सांगा की!

त्या काळी गिरणीत आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. धोट्यातली कांडी बदलताना धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे. महाराने तोंड लावलेला धोटा हातात घेतला तर बाट लागतो, असं सवर्ण कामगार म्हणत. पगार साचेखात्यात जास्त, म्हणून आपली माणसं कमी पगाराच्या सूतकताईच्या खात्यांत. १९२८ च्या सहा महिन्यांच्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. मजूर एक आहेत म्हणायचं आणि धोट्याला शिवू द्यायचं नाही, ही कसली एकी? फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी मजुरांचे दोन शत्रू सांगितले, भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात असं त्यांना म्हणायचं नव्हतं. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, मग ती कोणत्याही जातीत असो, असा अर्थ त्यांनी तिथेच सांगितला. ज्यांनी धोटा शिवू दिला नाही त्यांच्याबरोबरही त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते उभे राहिले, कारण हक्क सगळ्यांचा होता.

आपलीही गोष्ट तपासू

दुसऱ्याच्या इतिहासावर बोट ठेवायचं आणि आपला मात्र डोळे मिटून मानायचा, असं कालामांना सांगितलेलं नाही. आपल्या बॅनरवर दरवर्षी लिहिलेलं असतं की बाबासाहेबांनी कामाचे चौदा तासांचे आठ तास केले. वस्तुस्थिती अशी की १९३४ च्या फॅक्टरी कायद्यानेच बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. बाबासाहेब १९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत होते. १९४६ च्या दुरुस्तीने ५४ चे ४८ तास झाले. ५४ चे ४८ म्हणजे दर आठवड्याला माणसाचे सहा तास त्याचे त्याला परत मिळाले. हे काम कमी मोठं आहे का? त्याला चौदाचा आकडा जोडायची गरज नाही. खोट्या आकड्यावर उभं केलेलं मोठेपण उद्या कोणीही एका कागदाने पाडू शकतो, खऱ्या आकड्यावरचं पाडता येत नाही.

कायदा गेला, सवय राहिली

१९३८ च्या कायद्याची जागा पुढे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने घेतली. त्यात एका धंद्यात, एका भागात एकच प्रातिनिधिक संघटना. सर्वांच्या वतीने बोलायचा हक्क तिचाच. तिचे सभासद निम्म्याहून कमी असले तरी तिने केलेला करार सगळ्यांना लागू. आम्ही गिरणीत होतो तेव्हा करार झाल्याचं आम्हाला नोटीस बोर्डावरून कळायचं. सही कोणी केली ते दिसायचं, पण विचारलं कोणाला ते कधी दिसलं नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणं या मागण्यांबरोबर हा कायदा रद्द करा, हीही मागणी होती. वर्तमानपत्रांत पगारवाढीचा आकडा मोठा छापला जाई. आपला प्रतिनिधी आपण निवडू, ही साधी मागणी मागे पडे. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या गेल्या, त्या जागी टॉवर उभे राहिले, आणि आता पोरांना सांगतात की कामगारांनी संप केला म्हणून गिरण्या बुडाल्या. जुनी यंत्रं, मालकांनी दुसरीकडे वळवलेला पैसा आणि जमिनीचे चढलेले भाव, हे तीन शब्द त्या गोष्टीत नसतात.

२०२० साली संसदेने औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली. १९४७ च्या केंद्रीय कायद्यात संपाच्या आगाऊ नोटिशीची सक्ती सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना होती. या संहितेत ती प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला आहे, १४ दिवसांची. तडजोड चालू असताना संप करता येत नाही. आज आपली मुलं गोदामात, कुरिअरमध्ये, ठेकेदाराकडे राबतात. त्यांनी १५ सप्टेंबर १९३८ चं भाषण या कायद्याशेजारी ठेवून वाचावं आणि स्वतः ठरवावं.

घरापासून सुरुवात

तथागतांनी आपल्यामागे संघाला वारस नेमला नाही, धम्मच मार्गदर्शक सांगितला. संघात ठराव तीन-तीन वेळा वाचून विचारत, मतभेद झाला तर शलाका वाटून मत घेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी याच संघाच्या कामकाजाची आठवण करून दिली. त्याच भाषणात त्यांनी बजावलं की माणूस कितीही थोर असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते.

तेव्हा सर्व उपासक-उपासिकांना आमची एवढीच विनंती आहे. सोसायटीचा पुनर्विकास असो, मंडळाची वर्गणी असो, की आपल्या विहार समितीचा हिशोब असो, कागद वाचल्याशिवाय सही करू नका. घरातल्या बाईला, तरुण पोराला विचारल्याशिवाय त्यांच्या वतीने हो म्हणू नका. आणि येत्या ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस साजरा कराल तेव्हा मुलांना वह्या-पेन वाटा, सोबत १९३८ चा संपही सांगा. जो मुलगा शाळेत गेला, त्यानेच पुढे मजुराच्या नाही म्हणण्याच्या हक्कासाठी विधानसभा गाजवली, हे त्यांना कळू द्या.

नमो बुद्धाय! जय भीम!