‘कोणी’ची कुळकथा

हैदराबादच्या सुलतान बाजारात ‘हे कोणी सांगितलं?’ असे विचारले आणि समोरच्याला नाव ठाऊक नसले, तर उत्तर तीन भाषांतून येऊ शकते. मराठवाड्याकडचा मराठी माणूस म्हणेल ‘कोण की’. दखनी बोलणारा म्हणेल ‘कौनकी’. तेलुगू बोलणारा म्हणेल ‘एवरो’. तिन्हींची बांधणी एकच आहे. पुढे प्रश्नार्थक सर्वनाम येते आणि मागे ‘ठाऊक नाही’ हा भाव वाहणारा लहानसा तुकडा.

कोठीच्या ब्रिटिश रेसिडेन्सीला लागून वाढलेली ही पेठ १९३३ साली निजामाकडे परत आली आणि सुलतान बाजार म्हणून ओळखली जाऊ लागली. विवेक वर्धिनी ही मराठी पिढ्या घडवणारी शाळा १९०७ साली जवळच निघाली. त्याआधी १९०१ मध्ये स्थापन झालेले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालयही याच भागात आहे. त्याच्या संस्थापकांपैकी कोमर्राजु लक्ष्मणराव नागपूरला शिकलेले होते. ते मराठीत लेख लिहीत आणि तेलुगूत त्यांनी शिवचरित्र लिहिले. दोन भाषा अशा एकाच माणसात नांदतात, तिथे एकीचे वळण दुसरीत उतरायला वेळ लागत नाही.

‘कोणी’, ‘काही’ ही अनिश्चित सर्वनामे मुळात कशी तयार होतात, याचा कागदोपत्री माग चांगला लागतो तो स्लाव भाषांत. रशियन ‘नेक्तो’ म्हणजे कोणी एक. त्यात ‘क्तो’ म्हणजे कोण. पुढचा ‘ने’ हा साधा नकार नव्हे. जुन्या चर्च-स्लाव पोथ्यांत तो वेगळ्या, लांब स्वराच्या अक्षराने लिहिलेला आहे. त्यावरून अभ्यासकांनी त्याचे मूळ ‘ने वे’ असे उभे केले. ‘ने’ म्हणजे न आणि ‘वे’ हा आपल्या ‘वेद’चा, म्हणजे ‘जाणतो’ या अर्थाच्या क्रियापदाचा सख्खा भाऊ. ‘न जाणे कोण’ हे अख्खे वाक्य झिजून एक उपसर्ग उरला. याला बाहेरचा आधारही आहे. इ.स. १०००च्या सुमाराच्या हस्तलिखितात टिकलेल्या ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यात ‘नात्-ह्विल्क’ असा शब्द आहे: न जाणे कोणता. तिथे सांधा अजून स्पष्ट दिसतो. स्लाव पोथ्यांत तो बुजला आहे. शिवाय गॉस्पेलच्या सर्वांत जुन्या स्लाव पोथ्यांत ‘कोणी एक’साठी ‘येतेरु’ हा निराळाच शब्द बऱ्याच ठिकाणी येतो आणि नंतरच्या नकलांत त्याच्या जागी ‘ने’वाले रूप बसवलेले दिसते. नकलकाराला जुना शब्द परका वाटू लागला होता, याची ही साक्ष.

आता आपल्याकडे येऊ. संस्कृतात प्रश्नार्थकाला ‘चित्’, ‘चन’ किंवा ‘अपि’ जोडून काम भागे. अशोकाच्या गिरनारच्या पहिल्या शिलालेखात ‘किंचि’ आहे; म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच ‘चित्’चे टोक गळाले होते. प्राकृतात ‘कोऽपि’चे ‘को वि’ झाले आणि त्यातूनच हिंदी-गुजरातीचा ‘कोई’ आला. मराठीने मात्र हा वारसा जसाच्या तसा घेतला नाही. तिने ‘कवण’ (आजचे ‘कोण’) हे नवे प्रश्नार्थक पत्करले. बाराव्या शतकात हेमचंद्राने अपभ्रंशाच्या व्याकरणात त्याची नोंद केली आहे.

त्याच शतकातला मराठीचा मोठा पुरावा म्हणजे परळचा शिलालेख. शिलाहार राजा अपरादित्याच्या या ११८७च्या लेखाच्या शेवटी, दान मोडणाऱ्याला शाप देताना, ‘जो कोणुहुवि’ असे शब्द येतात. हे पद दोन तऱ्हांनी तोडता येते. ‘कोणु’ला ‘हु’ हा जोर देणारा आणि ‘वि’ हा ‘अपि’चा अवशेष लागला, ही एक. ‘हुवि’ हे ‘होणे’ या क्रियापदाचे रूप, म्हणजे ‘जो कोण असेल तो’, ही दुसरी. मला पहिली पटते, कारण ‘को वि’ची प्राकृत परंपरा तिच्या पाठीशी सलग उभी आहे. पण दुसरीही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रशियन ‘क्तो-निबूद्’ नेमके असेच बनले आहे; ‘बूद्’ म्हणजे ‘अस’, ‘हो’. तेलुगू ‘एवरैना’मधल्या ‘ऐना’चा अर्थही ‘झाला तरी’ असाच. आपला ‘कोणी का असेना’ त्याच वाटेवर आहे.

पुढच्या पोथ्यांत आणि मोडी कागदांत ‘कोण्ही’ हे रूप भेटते. त्यातला ‘ह’ मोलाचा आहे. ‘कोण’ आणि ‘ही’ यांचा सांधा त्यात डोळ्यांना दिसतो. ‘ह’ गेल्यावर ‘कोणी’ उरले आणि त्यात ‘ही’ आहे याचा बोलणाऱ्यांना विसर पडला. म्हणून ‘वाटेल तो’ या अर्थासाठी मराठीने पुन्हा एकदा ‘ही’ जोडला: ‘कोणीही’. या एका शब्दात तोच प्रत्यय दोनदा आहे. रशियनलाही जुन्या रूपाच्या जागी नवी रूपे घ्यावी लागली. ‘नेक्तो’ ग्रांथिक झाले आणि रोजच्या बोलण्यात ‘क्तो-तो’, ‘क्तो-निबूद्’ आले.

‘ठाऊक नाही’चा तुकडा स्लाव ‘नेक्तो’त पुढे आणि आपल्या ‘कोण की’त मागे का, याचेही उत्तर जुन्या वाक्यरचनेत आहे. ‘न जाणे कोण’ झिजले की उपसर्ग उरतो. ‘कोण जाणे’ झिजले की प्रत्यय. हिंदीत ‘न जाने कौन’ अजून पहिल्याच वाटेने चालतो. सुलतान बाजारातले ‘कोण की’, ‘कौनकी’, ‘एवरो’ मात्र तिन्ही दुसऱ्या वाटेचे आहेत, आणि तेलुगूचा ‘ओ’ हा शंकेचा प्रत्यय शेजारी असताना दखनीने ‘की’ मागेच ठेवावा हे योगायोगाचे वाटत नाही. दखनीतला ‘मैंच’, ‘वहीच’मधला ‘च’ मराठीकडून आला हे अभ्यासकांनी मान्य केले आहे. ‘की’ कोणी कोणाकडून घेतला, याचा निकाल केवळ कानावर विसंबून लावू नये. त्याला तारीख असलेले लेखन हवे, आणि असे बोलीतले तुकडे ग्रंथांपेक्षा घरगुती पत्रांत अधिक सापडतात. हैदराबादेतल्या मराठी घरांनी आजी-आजोबांची पत्रे रद्दीत घालण्यापूर्वी एकदा वाचावीत, आणि ‘कोण की’, ‘काय की’, ‘कुठं की’ दिसले तर ते वाक्य तारखेसह उतरवून पत्र जवळच्या ग्रंथालयात द्यावे.