नाव आणि पत्ता : संगणकीय ओळखीतील एक स्थित्यंतर

दहिसर हे नाव एकाच स्थळाचे नाही. मुंबईच्या उत्तर सीमेवरील उपनगर, शिळफाट्याजवळील ठाणे तालुक्यातील गाव आणि पालघर तालुक्यातील ‘दहिसर तर्फे मनोर’ ही तिन्ही दहिसरच होत. महसुली दप्तराने ‘तर्फे’ जोडून हा संदेह निवारला. टपाल खात्याने श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिनकोड योजला. मुंबईच्या दहिसरचा पिनकोड ४०००६८ आहे. केवळ नावाने ओळख पटत नाही, ही अडचण पुढे संगणकाच्या क्षेत्रातही उद्भवली.

१९६१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत एकच संगणक अनेकांनी वाटून घेण्याची पद्धती सिद्ध झाली आणि प्रत्येकाच्या फायली पृथक् राखण्यासाठी पासवर्ड आला. एका यंत्रापुरते यूजरनेम पुरेसे होते. यंत्रे परस्परांस जोडली गेल्यावर १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी नावापुढे ‘अ‍ॅट’चे चिन्ह घालून यंत्राचे ठिकाण लिहिले. ही वस्तुतः ‘तर्फे मनोर’चीच रीत होय.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेस इंटरनेट खुले केले. १९९६ मध्ये हॉटमेल अवतरले आणि ईमेल पत्ता कचेरीच्या बंधनातून सुटला. प्रत्येक संकेतस्थळावर हवे ते यूजरनेम आधीच कोणी घेतलेले असे. ईमेल पत्ता मात्र एका वेळी एकाचाच, स्मरणात राहणारा आणि पासवर्ड विसरल्यास नवा मिळवून देणारा. सबब लॉगिनसाठी तोच रूढ झाला.

तथापि नाव आपले असते, पत्ता दुसऱ्याने दिलेला असतो. नोकरी सुटली की कचेरीचा पत्ता जातो. २०१३ मध्ये याहूने वर्षभर न वापरलेले पत्ते नव्या मागणीदारांस देऊ केले, तेव्हा काहींच्या हाती पूर्वीच्या धारकांची खासगी पत्रे पडली. जुन्या भाडेकरूची पत्रे नव्या भाडेकरूस मिळावीत, तसाच हा प्रकार. भेद इतकाच, की येथे पत्राबरोबर खात्याची किल्लीही येऊ शकते.

पिनकोड स्थळ सांगतो, माणूस नव्हे. ईमेल पत्त्याचेही कार्य तेवढेच मानणे इष्ट होय. खात्यास स्वतःचा अचल क्रमांक असावा आणि पत्ता ही त्यावरील बदलता येणारी नोंद असावी. पत्ता बदलला तरी खातेदार तोच राहतो, हे तत्त्व लॉगिनची रचना करणाऱ्यांनी विसरता कामा नये.