पुसदने दिलेला वारसा

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, पैनगंगेला मिळणाऱ्या पूस नदीच्या काठी पुसद वसले आहे. वऱ्हाडचा हा भाग १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

याच तालुक्यातील गहुली या खेड्यात, बंजारा समाजात, १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक जन्मले. पुसद नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. पुढे लोकशाही विकेंद्रीकरणासाठी १९६० मध्ये नेमलेल्या समितीची धुराही त्यांच्याकडेच आली. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये पंचायत समितीवर भर दिला होता. नाईक समितीने मात्र जिल्हा परिषद बळकट करावी असे सुचविले, कारण तज्ज्ञ अधिकारी व पुरेसा निधी जिल्ह्याच्या पातळीवरच एकत्र आणणे शक्य होते. त्यातूनच १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

तथापि जिल्ह्याला बळ मिळाले म्हणून गावाने निर्धास्त राहू नये. शाळा, पाणी, दवाखाना यांचे निर्णय वरूनच होऊ लागले की गाव केवळ मागणी करण्यापुरते उरते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले आहे. तिच्या बैठकीस आपण गेलोच नाही, तर हा अधिकार कागदावरच राहील.