बडोदा, अमळनेर, लोणावळा, कांदिवली: संघव्यायामाची कुळकथा

वडगाव, कामशेत, तळेगाव, लोणावळा, मावळातल्या कुठल्याही शाळेत पीटीचा तास सारखाच दिसतो. ‘सावधान’ची हाळी होते, पोरं समोरच्याच्या खांद्यावर हात टेकवून अंतर घेतात, शिट्टी वाजते आणि एक ते आठ आकडे सुरू होतात. आठव्या आकड्याला दोनशे पोरांचे हात एकदम खाली येतात. पावसाळ्यात मैदानात घोटाभर चिखल झाला की हीच मंडळी व्हरांड्यात सरकतात. २१ जूनचा योगदिनही ऐन पावसात येतो, म्हणून तो सभागृहात सतरंज्यांवर होतो. तिथे आकड्यांच्या जागी आसनांची नावं येतात, पण रांगा त्याच असतात आणि पुढे उभं राहून आज्ञा देणारे सरही तेच.

हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय की कुणीतरी मुद्दाम बसून रचलं असेल असं मनातही येत नाही. पण ते रचलेलंच आहे. त्याची वंशावळ सांगता येते आणि त्या वंशावळीतलं सगळ्यात मोठं घर मावळात, लोणावळ्याला आहे.

आधी व्यायाम तालमीत होता. तालमीत प्रत्येक पोराचा हिशोब वेगळा. कोणी किती जोर मारायचे, कोणी अजून नुसत्या बैठकाच काढायच्या, कोणाचा खांदा दुखतोय म्हणून आठवडाभर मुद्गल धरायचा नाही, हे वस्ताद ठरवायचे, तेही त्या पोराकडे बघून. मावळच्या गावजत्रांतल्या कुस्त्या याच शिस्तीतून उभ्या राहिल्या. तिथे वेळापत्रक नव्हतं आणि अभ्यासक्रमही नव्हता. कारभार सगळा वस्तादाच्या शब्दावर चाले. इंग्रजी शाळांत दुसरंच चित्र होतं. पलटणीतून निवृत्त झालेला एखादा हवालदार ड्रिल मास्तर म्हणून यायचा आणि सगळ्या वर्गाला एका ओळीत उभं करून इंग्रजी आज्ञांवर हातपाय हलवायला लावायचा. एका ठिकाणी माणसाची पारख होती पण पोरं मोजकी; दुसऱ्या ठिकाणी पोरं शेकड्यांनी, पण पारख करणारं कोणी नाही.

या दोन गोष्टी जुळवण्याचा पहिला मोठा प्रयत्न बडोद्यात झाला. तिथे जुम्मादादा नावाच्या वस्तादांची तालीम होती. तिची गादी त्यांचे शिष्य माणिकराव यांच्याकडे आली, तेच पुढे राजरत्न प्रोफेसर माणिकराव म्हणून ओळखले गेले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम ही तालमीची विद्या त्यांनी मोठ्या समुदायाला एकाच वेळी शिकवता येईल अशी बसवली. तुकड्या पाडल्या, हालचाली आकड्यांत बांधल्या आणि आज्ञा इंग्रजीतून न देता हिंदीतून दिल्या. हाच संघव्यायाम. माणिकराव हाडवैद्यही होते. मोडलेलं हाड बसवायला लोक त्यांच्याकडे येत. म्हणजे हजारांना एका तालात हलवणारा हा माणूस एकेका सांध्यावर बोट ठेवून त्याची दुखापत ओळखणाराही होता. ही गोष्ट पुढच्या कथेसाठी ध्यानात ठेवावी.

१९०७ ते १९१० या काळात माणिकरावांच्या हाताखाली जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण तयार झाला. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, डभोईचा. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला हा बुद्धिमान विद्यार्थी राष्ट्रीय चळवळीच्या वाऱ्याने भारलेला होता. पुढे ते अमळनेरला खानदेशातल्या शिक्षणकार्यात पडले आणि १९२१ पासून तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. सरकारच्या अनुदानावर न जगणारं, आपला अभ्यासक्रम आपणच ठरवणारं ते कॉलेज होतं. १९२३ मध्ये ते बंद पडलं.

हे दुखणं मावळाला अनोळखी नव्हतं. तळेगाव दाभाड्याला प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय होतं. कोल्हापुरात १९०६ साली सुरू झालेली ही राष्ट्रीय शाळा तळेगावात आली, लोकवर्गणीवर उभी राहिली आणि १९१० साली सरकारने बंद पाडली. त्याआधीच ‘विश्ववृत्त’ मासिकातल्या लेखावरून विजापूरकरांना तुरुंगात जावं लागलं होतं. शाळा कोणाच्या मालकीची, तिथे काय शिकवायचं हे कोण ठरवणार, मैदानावर पोरांकडून काय करून घ्यायचं यावर कोणाचा अधिकार, हे त्या पिढीचे जिवावरचे प्रश्न होते. व्यायाम त्यांच्या लेखी करमणूक नव्हती. राज्यकर्त्यांनाही तसं वाटत नव्हतं.

गुण्यांच्या आयुष्याला दुसरं वळण नर्मदाकाठी मालसरला लागलं. तिथे १९१९ साली त्यांनी परमहंस माधवदासजींकडे योग शिकायला सुरुवात केली. मुंबईत योगसंस्था काढणारे योगेंद्रही याच गुरूंचे शिष्य. गुण्यांना जे शिकवलं गेलं ते त्यांनी श्रद्धेने केलं, पण तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. शरीरात नेमकं काय घडतं ते त्यांना बघायचं होतं. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात उड्डियान आणि नौली करणाऱ्यांची त्यांनी क्ष-किरणांनी तपासणी करवली.

यातला एक प्रयोग जवळून बघण्यासारखा आहे. बस्ती या क्रियेत साधक पाण्यात बसून गुदद्वारातून पाणी आत ओढून घेतो. हे पाणी वर चढतं कसं? परंपरेचं उत्तर होतं, अपानवायूने. गुण्यांनी आतड्याशी नळी जोडून पाऱ्याच्या दाबमापकाकडे नेली आणि साधकाला नौली करायला सांगितली. पोटाचा मधला स्नायू दोरखंडासारखा पुढे उभा राहिला आणि दाबमापकातला पारा सरकला. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला होता. आत पोकळी तयार होत होती आणि पाणी तिच्यापायी वर चढत होतं. आपल्या गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी त्या पोकळीला ‘माधवदास व्हॅक्यूम’ असं नाव दिलं. गुरूच्या नावाने मंदिर बांधणारे पुष्कळ असतात. गुरूच्या विद्येला पाऱ्याच्या नळीशी जोडून, जे निघेल त्याला गुरूचं नाव देणारा शिष्य मला जास्त मोठा वाटतो.

१९२४ च्या ऑक्टोबरात हा माणूस, आता स्वामी कुवलयानंद, पुण्या-मुंबईच्या रेल्वेवाटेवरच्या लोणावळ्याला आला. कुंजवनात कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघालं. त्यात आसनांच्या छायाचित्रांशेजारी क्ष-किरणांचे फोटो आणि रक्तदाबाचे आकडे असत. महात्मा गांधींनी आपल्या प्रकृतीबद्दल त्यांच्याशी पत्रव्यवहार केला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे बेहनन लोणावळ्याला राहून योग शिकले आणि १९३७ मध्ये त्यावर पुस्तक लिहून मोकळे झाले. घाटमाथ्यावरचं हे छोटं गाव त्या काळात जगाच्या शरीरशास्त्राच्या नकाशावर होतं, याचा मावळकरांना असावा तितका अभिमान नाही, याची मला खंत वाटते.

आता मूळ कथेकडे. कैवल्यधामात दोन धागे शेजारी शेजारी चालले होते. एक प्रयोगशाळेचा, जिथे एक माणूस, त्याचं एक आसन आणि त्याच्या शरीरात होणारा बदल मोजला जायचा. दुसरा धागा माणिकरावांकडून आलेला, समुदायाचा. १९३१ साली ‘आसने’ आणि ‘प्राणायाम’ ही पुस्तकं निघाली, ती एकट्याने करणाऱ्या साधकासाठी. १९३६ साली ‘यौगिक संघव्यायाम’ निघालं, ते मैदानासाठी. बडोद्याच्या संघव्यायामात जोर, बैठका आणि लाठी होती. लोणावळ्यात त्या साच्यात आसनं आली.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. भुजंगासन घ्या. एकटा साधक पालथा झोपतो, तळवे छातीजवळ ठेवतो आणि कण्याचा एकेक मणका उचलत सावकाश वर येतो. वर किती थांबायचं हे त्याचा श्वास ठरवतो. हेच शंभर पोरांकडून करून घ्यायचं तर त्याचे तुकडे पाडावे लागतात: एकला कपाळ जमिनीला, दोनला मान वर, तीनला छाती वर, मग थांबा, मग उलट्या क्रमाने खाली. वर थांबायचा वेळ आता श्वास ठरवत नाही, शिक्षकाचा आवाज ठरवतो. ज्याची पाठ ताठ आहे त्यालाही तिसऱ्या आकड्याला वर यावंच लागतं. आसन शाळेत येण्यासाठी ही किंमत मोजावी लागली. कुवलयानंदांनी ती जाणून मोजली असं मी मानतो, कारण त्यांच्यासमोरचा पर्याय होता तो असा की बहुजनांच्या पोरांपर्यंत योग पोचणारच नाही.

पण नुसतं पुस्तक काढून काही मैदानावर येत नाही. त्यासाठी कारभार लागतो. औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. तिथे राजाची इच्छा पुरेशी होती. मुंबई इलाख्यात समित्यांचा रस्ता होता. १९२७ साली सरकारने कन्हैयालाल मुन्शींच्या अध्यक्षतेखाली शाळांतल्या शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली. १९३७ साली बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं आणि नव्या समितीचं अध्यक्षपद लोणावळ्याच्या स्वामींकडे गेलं. राष्ट्रीय महाविद्यालय बंद पडताना पाहिलेला माणूस चौदा वर्षांनी त्याच इलाख्याच्या शाळांनी मैदानावर काय करावं ते ठरवायला बसला.

त्यातून निघालेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट म्हणजे १९३८ साली कांदिवलीला सुरू झालेली सरकारी शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था. त्याआधी मद्रासला १९२० पासून वायएमसीएचं कॉलेज होतं. कांदिवलीने मुंबई इलाख्याला आपले पीटीचे मास्तर दिले. तिचे प्राचार्य पी. एम. जोसेफ पुढे १९५७ मध्ये ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई कॉलेजचेही पहिले प्राचार्य झाले. हवालदाराच्या जागी पदविकाधारक शिक्षक आला, त्याला पगारपत्रकात जागा मिळाली आणि वेळापत्रकात तास मिळाला. संघव्यायाम रुजला तो या तीन गोष्टींमुळे. नुसत्या उत्साहाने सुरू झालेले व्यायामाचे उपक्रम दोन-चार वर्षांत विरून जातात. तासिका लागली की गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालते.

मात्र हा प्रवास करताना दोन धाग्यांपैकी एकच मैदानावर पोचला. आज्ञा पोचल्या, आकडे पोचले, रांगा पोचल्या. मोजणं लोणावळ्यातच राहिलं. माणिकरावांचा तो सांध्यावर ठेवलेला हात आणि कुवलयानंदांची पाऱ्याची नळी, दोन्ही मागे राहिले. आजही शाळेत मुलाला पीटीत श्रेणी मिळते ती बहुधा हजेरी आणि गणवेशाची. जून महिन्यात त्याचा श्वास किती वेळ टिकत होता आणि मार्चमध्ये किती टिकतो, पायाच्या अंगठ्याला हात पोचायला किती बोटं कमी होती आणि आता किती आहेत, याची नोंद सहसा कुठे सापडत नाही. दोनशे पोरांमागे एकच शिक्षक असला तर त्या शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. दोष रचनेचा आहे, आणि रचना माणसांनीच केलेली असते.

लोणावळ्याने आपल्या परीने उत्तर शोधलं होतं. १९५०-५१ च्या सुमारास कैवल्यधामात गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नावाने योग आणि सांस्कृतिक समन्वयाचं महाविद्यालय सुरू झालं. तिथला विद्यार्थी स्वतः आसनं करतो, शरीररचना शिकतो आणि दुसऱ्यांना शिकवण्याचे पाठही घेतो. शेजारीच प्रयोगशाळा आणि पुढे उभं राहिलेलं योग-रुग्णालय. १८ एप्रिल १९६६ ला कुवलयानंद गेले, महाविद्यालय चालू राहिलं. शिक्षक कसा घडवावा याचा नमुना तिथे होता. त्याची नक्कल मात्र फार थोड्यांनी केली.

आता हा विषय शाळेतून कॉलेजात आला आहे, आणि इथेच मला आस्था वाटते. लोणावळ्याचं डॉ. बी. एन. पुरंदरे महाविद्यालय असो की तळेगावचं इंद्रायणी, मावळातली कॉलेजं पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या विद्यार्थ्याला आरोग्य, योग, खेळ अशा सहअभ्यासक्रमांचे श्रेयांक मिळतात. पूर्वी हे सगळं ‘जिमखाना’ या एका शब्दात मावायचं: जिमखान्याची फी, जिमखान्याचं सामान, आंतरमहाविद्यालयीन सामन्याला जाणारे पंधरा खेळाडू आणि बाकीचे हजार विद्यार्थी प्रेक्षक. श्रेयांक आल्यामुळे ते हजारही हिशोबात आले आहेत.

हिशोब कोण ठेवणार, तेही कायद्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यावर संस्थाचालक, प्राचार्य, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी आणि स्थानिक क्षेत्रातली माणसं असतात, शिवाय विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिवही. परिषदेवर खेळातला विद्यार्थी घ्यायची तरतूद आहे. शारीरिक शिक्षण संचालकासाठी म्हणून समितीत वेगळी जागा राखलेली नाही, पण तो शिक्षकांच्या जागेवरून येऊ शकतो, आणि न आला तरी त्याला बोलावून घेण्यापासून कोणी अडवलेलं नाही.

मावळातल्या एखाद्या विकास समितीने यंदा एवढं ठरवावं: योगाच्या श्रेयांकासाठी तुकडी तीस-चाळिसाच्या वर जाऊ द्यायची नाही, सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक मुलामुलीची नाडी, श्वास रोखण्याचा वेळ, पुढे वाकण्याचं अंतर एका वहीत लिहायचं, आणि श्रेयांक हजेरीवर न देता त्या दोन नोंदींमधल्या फरकावर द्यायचा. घड्याळ, पट्टी आणि वही, खर्च काहीशे रुपयांचा. वही कशी आखायची हे विचारायला कैवल्यधाम गावातच आहे. वर्षअखेरीस ती वही समितीच्या बैठकीत, जिमखान्याच्या खर्चाच्या पत्रकाला जोडून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षीचे पैसे कशावर घालायचे ते विद्यार्थी प्रतिनिधींनाही आकडे बघून सांगता येईल.