डोअरबेल कॅमेरा आणि समोरच्या घराचा परदा

बेलच्या जागी कॅमेरा लावायची पद्धत आता आपल्या मोहल्ल्यांतही आली आहे. सोय मोठी आहे. नोकरीवर असलेल्या आईला मुलं शाळेतून घरी आली हे मोबाईलवर कळतं. घरात बायकाच असतील तर अनोळखी माणसाशी दार न उघडता बोलता येतं. आमचा त्याला विरोध नाही. प्रश्न समोरच्या दाराचा आहे.

या बेलमध्ये रुंद कोनाची लेन्स, माइक आणि हालचाल टिपणारा सेन्सर असतो. बटण दाबलं नाही तरी कुणी समोरून गेलं की रेकॉर्डिंग सुरू होतं. जुन्या इमारतींत दोन दारांमधला पॅसेज चार-पाच फुटांचा. समोरच्या भाभींनी दूध घ्यायला दार उघडलं की त्यांचा हॉल, ओढणीशिवाय वावरणाऱ्या मुली, आलागेला पाहुणा, सगळं टिपलं जातं. ते मेमरी कार्डवर किंवा कंपनीच्या सर्व्हरवर साठतं आणि ज्याच्या मोबाईलवर ॲप आहे तो प्रत्येकजण पाहू शकतो. घरातली तरुण मुलंसुद्धा.

कंपनीची माणसं पाहतात, ही नुसती शंका नाही. ॲमेझॉनच्या रिंग कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 मध्ये असाच आरोप ठेवला होता. कंपनीने 58 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. इंग्लंडमध्ये 2021 साली ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात शेजाऱ्यांचा असाच वाद गेला. कॅमेरे लावणारा हरला, आणि लांबवरचं बोलणं टिपणं हे कोर्टाला चित्रीकरणापेक्षाही गंभीर वाटलं. आपल्याकडे आवाजाचा विचार कुणी करतच नाही.

दीनमध्ये ही गोष्ट फार आधी स्पष्ट केली आहे. सूरह नूरच्या 27 व 28 या आयतींत इजाजत आणि सलामशिवाय दुसऱ्याच्या घरात जायला मनाई आहे. सूरह हुजुरातची 12वी आयत लोकांची टोह घ्यायला मना करते. हजरत मुहम्मद (सल्ल.) कुणाच्या दारी गेले तर दाराच्या अगदी समोर नव्हे, उजव्या किंवा डाव्या बाजूला उभे राहत, असं अबू दाऊदच्या हदीस संग्रहात येतं. आपला कॅमेरा मात्र नेमका समोर, रात्रंदिवस उभा!

कायद्याचं काय? सुप्रीम कोर्टाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एखाद्याने घरगुती कारणासाठी वापरलेल्या डेटाला लागू होत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या बेलबद्दल तिथे दाद मागणं कठीण. 2025 मध्ये कलकत्ता हायकोर्टाने एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवू नयेत असं सांगितलं आणि सुप्रीम कोर्टाने त्यात बदल केला नाही. बाईचं खाजगी क्षणातलं चित्रण केलं किंवा पसरवलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 77 लागतं; पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद.

कोर्टाआधी बरंच काही होऊ शकतं. कॅमेरा भिंतीला तिरका बसवता येतो. बऱ्याच ॲपमध्ये चित्राचा ठरावीक भाग काळा करायची सोय असते. समोरचं दार त्यात टाका. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद करा, पासवर्ड बदला आणि शेजाऱ्यांना मोबाईलवर दाखवा की काय दिसतं. तक्रार तुमची असेल तर आधी हेच दाखवायला सांगा. ऐकलं नाही तर सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या, कारण पॅसेज सगळ्यांचा असतो.

मोहल्ल्यात काही घडलं की पोलीस फुटेज मागतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली ठाणे अंमलदार लेखी आदेश देऊन ते मागू शकतो. तो आदेश घ्या, दिलेल्या वस्तूची पोच घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. कार्ड भरलं की जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, तेव्हा ही प्रत त्याच दिवशी काढायला हवी.